बाकी ठीक

कोशाच्या कचेरीत तिला सगळे प्रूफबाई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण तो उघडून बघतो कोण? सव्वीस वर्षं एकाच खुर्चीत बसून, एकाच लाल पेनानं, बाई दुसऱ्यांच्या चुका काढत आली होती आणि खोटं कशाला बोला, त्यात तिला सुख होतं. एखादा ऱ्हस्व सापडला जिथं दीर्घ हवा, की तिच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरायचं, जणू हरवलेली किल्ली सापडली.

कचेरीची रीत अशी होती. छापायचा मजकूर तयार झाला की कागदांच्या कोपऱ्याला भोक पाडून दोऱ्यानं एक पिवळी चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर तपासणाऱ्याचं नाव. तिला टॅग म्हणत. टॅगवर तुमचं नाव आलं की विषय संपला. ते कागद तुमचे, त्यातली वेलांटी न वेलांटी तुमच्या डोक्यावर. प्रूफबाई तपासायची, चुका आकडे घालून लिहायची आणि सगळ्यात खाली लिहायची, 'बाकी ठीक.'

हे दोन शब्द म्हणजे तिचा लाड होता, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं कोणी विश्वास ठेवणार नाही. घाबरू नकोस, एवढंच चुकलंय, उरलेलं छान आहे, असं तिला त्यातून म्हणायचं असायचं. समोरच्या टेबलावर कॉम्प्युटरवर मजकूर जुळवणारी ऑपरेटर ते दोन शब्द वाचल्याशिवाय चहाला उठत नसे.

घरात प्रूफबाईला दुसरं कोणी नव्हतं. एक धाकटी बहीण होती, नऊ वर्षांनी लहान. आई लवकर गेली, वडील कायम कामावर, तेव्हा धाकटीची वेणी घालण्यापासून तिला बाराखडी गिरवायला लावण्यापर्यंत सगळं हिनंच केलं. धाकटीचं लग्न झालं, मुलगी झाली, ती मुलगी कॉलेजात गेली, तरी अर्ज असो, निमंत्रण असो, धाकटी कागद घेऊन ताईकडे यायची. "ताई, जरा नजर टाक गं." ताई नजर टाकायची. तिला वाटायचं, आपल्या दोघींतलं प्रेम हे असंच असतं.

आणि मग कोशाच्या संपादकांच्या डोक्यात पुरवणी शिरली.

संपादक उंच, कोरडे गृहस्थ. शब्दांवर इतकी माया की माणसांसाठी फारशी उरत नसे. एका सोमवारी त्यांनी टेबलावर एकशे चाळीस कार्डांचा गठ्ठा ठेवला. नव्या माध्यमांचे शब्द. पोस्ट, शेअर, फॉलो, ब्लॉक, ट्रोल, व्हायरल, स्क्रीनशॉट. प्रत्येकाची व्याख्या करायची, खाली लोकांनी खरोखर लिहिलेली उदाहरणं द्यायची.

पहिलं कार्ड प्रूफबाईनं मोठ्यानं वाचलं. "समाजमाध्यम, नपुंसकलिंगी. ज्यात प्रत्येक वाचणारा हा लिहिणाराही असतो व दोघांच्या मध्ये कोणी नसते, असे माध्यम."

"जमलंय ना?" संपादक म्हणाले.

"मध्ये कोणी नसते म्हणजे? मग तपासतं कोण?"

"कोणीच नाही."

"लिहिलं की थेट लोकांसमोर?"

"थेट."

"चुकांसकट?"

"अहो, चुकांसकट काय म्हणता! पुष्कळदा चुकाच."

प्रूफबाईनं पेन खाली ठेवलं. तपासल्याशिवाय मजकूर लोकांपुढं ठेवायचा म्हणजे तोंड न धुता दारात उभं राहण्यातला प्रकार, असं तिचं मत होतं आणि ते तिनं बोलूनही दाखवलं. ऑपरेटर खुदकन हसली.

"तुम्ही तिथं एक खातं उघडा," संपादक म्हणाले. "तिकडचा वारा लागल्याशिवाय हे शब्द तपासणार कसे?"

ऑपरेटरनं तिच्या फोनवर खातं उघडून दिलं. नऊ जण मित्र झाले. त्यात एक धाकटी, एक भाची, दोन कचेरीतले, बाकी शाळेतल्या बायका. प्रूफबाई रोज जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास तिथं फिरून यायची आणि डोकं धरून बसायची. "ऑपरेटर, एक माणूस लिहितो 'मी खूष आहे', ष पोटफोड्या. आणि त्याखाली तीनशे लोक त्याचं अभिनंदन करतायत! एकानं तरी सांगावं की नाही?"

"तिथं सांगत नसतात, बाई."

"का?"

"वाईट दिसतं."

"चूक तशीच राहिलेली वाईट दिसत नाही?"

ऑपरेटरनं हात टेकले. तेव्हाच तिनं बाईला खांदे धरून बसवायला हवं होतं आणि चार गोष्टी समजावायला हव्या होत्या. पण आपणही कुणाला वेळेवर काही सांगतो का?

पुरवणीची निम्मी कार्डं झाली आणि धाकटीचा नवरा गेला. लिफ्ट दुरुस्त करायचा तो. सकाळी अवजारांची पिशवी घेऊन निघाला, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसला आणि उठलाच नाही. वय पन्नाससुद्धा नव्हतं.

प्रूफबाई तशीच धावली. आठ दिवस बहिणीकडे राहिली. भांडी घासली, चादरी धुतल्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी चहा केला, मृत्यूच्या दाखल्यातलं नाव चुकलेलं होतं ते दोनदा ऑफिसात जाऊन दुरुस्त करून आणलं. सगळं केलं, पण रडली नाही. आतून तिचं काळीज फाटत होतं. त्या माणसानं तिच्या घरची किती कुलपं, किती नळ विनातक्रार नीट करून दिले होते. पण रडणं तिला दुसऱ्यांसमोर कधी जमलंच नव्हतं. धाकटी एकदा तिच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "ताई, काहीतरी बोल ना गं." ताईनं तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "दाखल्याच्या चार प्रती काढून ठेवल्यात."

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास, प्रूफबाईचा फोन वाजला. पडद्यावर ओळ होती: तुमच्या बहिणीनं तुम्हाला एका पोस्टमध्ये टॅग केलं आहे.

टॅग केलं आहे.

आता बघा. 'टॅग' या शब्दाचं कार्ड तोवर तिच्या टेबलावर आलेलं नव्हतं. कार्डं अक्षरानुक्रमानं नव्हे, तयार होतील तशी येत होती. सव्वीस वर्षं ज्या बाईनं टॅगचा एकच अर्थ पाहिला, तिच्या मनात दुसरा कुठून येणार? धाकटीनं काहीतरी लिहिलंय, आपल्याला टॅग लावलाय. म्हणजे नजर टाक म्हणतेय. नेहमीसारखी.

तिनं पोस्ट उघडली. धाकटीच्या नवऱ्याचा फोटो होता, जिन्यात पिशवी खांद्याला लावून हसतानाचा. खाली लिहिलं होतं:

'तुझ्यावाचुन घर खायला उठतं. तुझ्या चपला अजुन दाराशीच आहेत. मी त्या हलवनार नाही.'

प्रूफबाईच्या घशाशी आवंढा आला. खरंच आला. कचेरीत होती म्हणून तिनं तो गिळला. आणि घशाशी आलेलं गिळायचा तिचा एकच उपाय होता, तो तिनं केला. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत तिनं खाली लिहिलं:

'१. वाचून – चू दीर्घ. २. अजून – जू दीर्घ. ३. हलवणार – बाणाचा ण. बाकी ठीक.'

पाठवलं आणि चहाला गेली.

चहा पिऊन येईतो भाचीचं उत्तर आलेलं. 'मावशी, तुला लाज कशी वाटत नाही?' प्रूफबाईला वाटलं, पोरीचं काहीतरी दुसरंच चाललंय. तिनं धाकटीला फोन लावला, तो उचलला गेला नाही. तीन वाजता ऑपरेटर खुर्चीतून उठून तिच्याजवळ आली. चेहरा पांढराफटक.

"बाई, हे तुम्ही लिहिलंत?"

"हो. का, चौथी चूक राहिली का माझ्याकडून?"

ऑपरेटरनं आपला फोन तिच्यापुढं धरला. भाचीनं त्या मजकुराचा स्क्रीनशॉट काढून आपल्या पानावर टाकला होता. वर लिहिलं होतं, 'ही माझी सख्खी मावशी. माझ्या बाबांना जाऊन एक महिनाही नाही झाला.' त्याखाली लोक जमले होते. शंभर नाही, दोनशे नाही. आकडा प्रूफबाईच्या डोळ्यांदेखत वाढत होता.

"पण तिनं मला टॅग केलं होतं," प्रूफबाई म्हणाली. "टॅग केलं होतं गं!"

ऑपरेटरला ते कळायला एक क्षण लागला. कळलं तेव्हा तिनं तोंडावर हात ठेवला. "बाई, तिथं टॅग म्हणजे... तुम्ही आमच्यातल्या आहात एवढंच. तपासायला नसतं ते."

प्रूफबाईनं तिथल्या तिथं आपला मजकूर पुसला. पण स्क्रीनशॉट पुसला जात नाही. पुसला, हीच बातमी झाली. 'घाबरली बघा!'

आणि मग लोकांच्या अंगात आलं. ज्यांना शुद्धलेखनाच्या तासाला कधी छड्या बसल्या होत्या, त्या सगळ्यांना एकदम न्याय मिळाल्यासारखं झालं. कोणीतरी तिला 'दीर्घबाई' म्हटलं आणि ते नाव असं चिकटलं की निघेना. जळक्या इमारतीचा फोटो, खाली: 'जिना जळाला. छप्पर पडलं. बाकी ठीक.' पाय प्लास्टरात घातलेल्या माणसाचा फोटो, खाली: 'दीर्घबाईंच्या मते माझा पाय ऱ्हस्व झालाय. बाकी ठीक.' एकानं लिहिलं, हिच्या सरणावरही कोणी चुका काढाव्यात. सहाशे जणांना ते आवडलं. त्यातल्या कुणाचंही बाईनं कधी काही वाकडं केलं नव्हतं. कचेरीचा पत्ता शोधून कोणी पोस्टानं लाल पेनांची पेटी पाठवली. राहत्या इमारतीतली शेजारीण, जिच्या मुलाला प्रूफबाईनं फुकट शिकवलं होतं, ती जिन्यात अंग चोरून गेली आणि वरच्या मजल्यावर पोचल्यावर फिसकन हसली.

संपादक मात्र हरखले होते. त्यांना आनंद लपवताही येईना. "ट्रोल, व्हायरल, स्क्रीनशॉट," ते कार्डं चाळत म्हणाले, "तिन्ही शब्दांची उदाहरणं एका झटक्यात! अस्सल, तारखेसकट. तुम्हाला त्रास होतोय, मला समजतं. पण कोशाच्या दृष्टीनं हे घबाड आहे." तेवढ्यात काही आठवून त्यांनी एक कार्ड तिच्याकडे सरकवलं. "आणि हो, हे आजच तयार झालंय. तपासून टाका."

कार्डावर होतं: 'टॅग (पु.) : १. छापावयाच्या मजकुरास बांधलेली, तपासणाऱ्याचे नाव असलेली चिठ्ठी. २. समाजमाध्यमावर आपल्या मजकुराला, आपले नाते सांगण्यासाठी, दुसऱ्याचे नाव जोडण्याची क्रिया.'

आपले नाते सांगण्यासाठी. प्रूफबाईनं ते पाच वेळा वाचलं. व्याख्येत एकही चूक नव्हती. काही दिवस उशिरा आली होती, एवढंच.

तिनं माफी मागायचं ठरवलं. धाकटी फोन घेत नव्हती, म्हणून जिथं जखम केली तिथंच मलम लावू, असा तिनं विचार केला. तीन दिवस मजकूर लिहीत होती. अकरा खर्डे केले. पहिल्या खर्ड्यात ती रडली होती, पाचव्यात रडणं कमी झालं, अकराव्यात प्रत्येक शब्द जागच्या जागी होता. मग तो तिनं फोनवर उतरवला. 'प्रिय धाकटे, माझ्या हातून फार मोठा अपराध झाला. मी मनापासून दिलगिर आहे. मला पोटात घाल.'

फोन स्वतःहून शब्द सुचवतो, हे तिला माहीत होतं. त्यानं सुचवलेला शब्द नीट बघायचा असतो, हे सव्वीस वर्षं ती जगाला सांगत आली होती. आणि त्या एका ठिकाणी डोळे भरून आलेले असल्यामुळं तिनं पाहिलं नाही. 'दिलगिर'. गि ऱ्हस्व.

त्या दिवशी जे झालं त्यापुढं आधीचं काहीच नव्हतं. 'दीर्घबाईंची वेलांटी घसरली!' माफी कुणी वाचली नाही, सगळ्यांनी तपासली. हजारो माणसांनी खाली एकच लिहिलं: '१. दिलगीर – गी दीर्घ. बाकी ठीक.' शाळकरी पोरांनी लिहिलं, म्हाताऱ्यांनी लिहिलं. आणि संध्याकाळी प्रूफबाईनं धाकटीचं पान उघडायला घेतलं, तेव्हा ते उघडेना. धाकटीनं तिला ब्लॉक केलं होतं.

'ब्लॉक'ची व्याख्या तिनं आदल्याच आठवड्यात तपासली होती. दार लावून घेणे, अशी काहीशी होती. मग दारच ठोठावू, असं म्हणून ती रविवारी सकाळी धाकटीकडे गेली.

तिसऱ्या मजल्यावर दाराशी तपकिरी चपलांचा जोड होता. एक सरळ, एक थोडी आडवी, जशी त्यानं घाईत काढली असेल तशी. प्रूफबाईनं घंटी वाजवली. दार उघडलं. धाकटी उंबऱ्यात उभी राहिली, आत ये म्हणाली नाही.

"धाकटे, माझं ऐकून घे. मला वाटलं, तू मला तपासायला..."

"तपासायला?"

"टॅग म्हणजे आमच्याकडे तपासायला देतात. देवाशपथ सांगते. मला दुसरा अर्थ ठाऊक नव्हता."

धाकटी हसली. तिचं ते हसू प्रूफबाईनं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. "मी तुला का टॅग केलं, सांगू? तू माझ्या घरात आठ दिवस राहिलीस आणि डोळ्यातून टिपूस काढलं नाहीस. मला वाटलं, माणसांसमोर हिला जमत नाही, तर तिथं तरी रडेल. काहीही लिहील. नुसतं 'अरेरे' लिहील."

"मला रडू आलं होतं गं. खरंच आलं होतं."

"कुठाय? दाखव. मला तर तीन आकडे दिसले."

धाकटी आत गेली आणि एक जुना कागद घेऊन आली, घड्यांवर विरलेला. "हा ओळखतेस?"

पोरीचं अक्षर होतं, निळ्या शाईतलं, आणि त्यावर लाल खुणा. वसतिगृहातून आलेलं पत्र. धाकटी दहा वर्षांची असताना वडिलांनी तिला तिकडं ठेवलं होतं.

"'ताई, मला इथे फार भिती वाटते, मला घरी घेऊन जा.'" धाकटीनं न बघता म्हणून दाखवलं. "तू 'भिती'खाली रेघ मारलीस, 'भी दीर्घ' लिहिलंस आणि पत्र परत पाठवलंस. मी तो शब्द शंभरदा गिरवला. शुद्ध लिहिता आल्यावर तरी नेशील म्हणून. दोन वर्षं ठेवलंत मला तिथं."

"मी स्वतः एकोणीस वर्षांची होते गं! बाबांपुढं माझं काय चालणार होतं? मला दुसरं काय करता येत होतं?"

"हेच. तुला दुसरं काही करताच येत नाही."

प्रूफबाई एक पाऊल मागं सरकली. तिची टाच त्या आडव्या चपलेला लागली आणि चप्पल भिंतीशी गेली. आणि काय सांगावं तुम्हाला, हात असे शापलेले असतात माणसाचे. ती चटकन वाकली, चप्पल उचलली, दुसरीच्या शेजारी ठेवली आणि दोन्ही सरळ, एका रेषेत लावल्या.

"हात लावू नकोस!" धाकटी किंचाळली.

वरच्या मजल्यावर कुणाचं तरी दार उघडलं. प्रूफबाई तशीच वाकलेली राहिली. तिला चप्पल पुन्हा आडवी करायची होती, पण नेमकी किती आडवी होती ते आठवेना. धाकटीनं खाली बसून दोन्ही चपला उराशी धरल्या, मग एक सरळ, एक आडवी अशा पुन्हा दाराशी ठेवल्या, आत गेली आणि दार लावून घेतलं. आतून ती मुसमुसताना ऐकू येत होती. प्रूफबाई बराच वेळ दाराशी उभी होती. मग उतरली.

त्यानंतर तिनं एकच गोष्ट केली. वाट पाहिली. रोज सकाळी फोन उशाशी घेऊन बघायची, धाकटीनं दार उघडलंय का. चिडलीये, मनात धरून बसलीये, पण कुठं जाणार? रक्ताचं नातं आहे, एक दिवस 'ताई' म्हणून हाक मारेलच, असं ती ऑपरेटरला सांगायची. ऑपरेटर मान हलवायची. लोक दुसऱ्या माणसाला झोडपायला निघून गेले होते, पण 'दीर्घबाई' हा शब्द मागं राहिला होता. तो आता कुणालाही लावत. त्यामागं खरी बाई आहे, हे पुष्कळांना माहीतही नव्हतं.

वर्ष उलटलं. पुरवणी छापायला निघाली. संपादक एका मंगळवारी कागद घेऊन तिच्या टेबलाशी आले आणि पहिल्यांदाच उभे राहून घुटमळले.

"एक शब्द शेवटी घातलाय," ते म्हणाले. "नियम तुम्हाला माहीत आहे. वर्षभर वापरात हवा, तीन वेगवेगळ्या माणसांची तीन उदाहरणं हवीत. हा बसतो. न घालणं अप्रामाणिकपणा होईल. आणि कोशात माणसं येत नाहीत, प्रूफबाई, शब्द येतात."

"दुसऱ्या कुणी तपासलं तर?" ऑपरेटर मध्येच म्हणाली.

"यांच्याइतकं कुणाला येतं?" संपादक म्हणाले. त्यांना ते कौतुक वाटत होतं.

पिवळ्या चिठ्ठीवर तिचं नाव होतं. तिनं कागद पुढं ओढला.

'दीर्घबाई (स्त्री.) : दुसऱ्याचे दुःख सोडून त्यातील चुका बघणारी व्यक्ती.'

तिनं लाल पेन उघडलं. 'बघणारी' खोडून 'काढणारी' केलं. चुका बघतात सगळेच, काढणारी वेगळी असते. व्याख्या नेमकी हवी. संपादकांनी खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "वा!"

खाली उदाहरणं होती. पहिलं कुण्या विद्यार्थ्याचं, आपल्या मास्तरांबद्दल. दुसरं एका जावयाचं, सासूबद्दल. दोन्हींत दोन-दोन चुका होत्या, पण उदाहरणं मुळाबरहुकूम छापायची असतात, म्हणून तिनं त्या तशाच ठेवल्या. मग तिसरं. ऑपरेटरनं ते जुळवताना खालचं नाव वाचलं होतं. ती उठून खिडकीशी गेली आणि बाहेर बघत राहिली.

खाली धाकटीचं नाव होतं आणि मागच्या महिन्यातली तारीख. वर्षभरात प्रूफबाईनं वाचलेला बहिणीच्या हातचा तो पहिला मजकूर. तिनं वाचलं:

'वर्ष झालं. तुझ्या चपला अजून दाराशीच आहेत आणि मी त्या हलवणार नाही. तुझ्यावाचून जगणं जमत नाही. दीर्घबाईवाचून मात्र झकास जमतं.'

ती पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली, या वेळी पेनाचं टोक अक्षरांखालून फिरवत, जसं ती नेहमी करायची. अजून, जू दीर्घ. हलवणार, बाणाचा ण. तुझ्यावाचून, चू दीर्घ. दीर्घबाईवाचून, इथंही चू दीर्घ. तिनं सांगितलेलं सगळं धाकटीनं ऐकलं होतं. एकही विसरली नव्हती.

"झालं का?" संपादकांनी विचारलं. "छापायला धाडायचंय."

प्रूफबाईनं कागदाच्या तळाशी पेन टेकवलं. सवयीनं 'बा' लिहिला गेला. तो तिनं नीट, एका रेघेनं खोडला. त्या मजकुरात चूक नव्हती, त्यामुळं बाकी असं काही उरलं नव्हतं. तिनं नुसतं 'ठीक' लिहिलं, सही केली आणि कागद संपादकांच्या हातात दिला.